ताईच्या दुखण्याचा नंबर

मी मेडिकल कोडर आहे. हे सांगितलं की नातेवाईक विचारतात, म्हणजे कॉम्प्युटरचंच ना? मी हो म्हणून मोकळी होते. नीट सांगायचं तर काम असं आहे: अमेरिकेतल्या दवाखान्यात कोणी पेशंट जातो, डॉक्टर त्याला तपासून टिपण लिहितो, ते टिपण आमच्याकडे नागपूरला येतं, आणि मी ते वाचून त्यातल्या प्रत्येक दुखण्याला एक ठरलेला नंबर देते. या टिपणाला आम्ही चार्ट म्हणतो आणि नंबराला कोड. अकरा वर्षं मी हे करते आहे. एकाही पेशंटचं तोंड पाहिलेलं नाही.

कोड हजारो असतात. सगळे कोणालाच पाठ नसतात, पण रोज हाताखालून जाणारे पन्नास-साठ बोटांना माहीत होतात. त्यातलाच एक एम चौऱ्याण्णव पॉइंट शून्य. बरगडी पुढे येऊन छातीच्या मधल्या हाडाला जिथे मिळते, तिथे मऊ, लवचिक कूर्चा असते. तिला सूज आली की छातीत दुखतं, आणि असं दुखतं की माणसाला वाटतं, आपलं आता संपलं. मग तो घाबरून इमर्जन्सीत येतो. त्याचा ईसीजी काढतात, रक्त तपासतात, एक्स-रे काढतात. सगळं ठीक येतं. शेवटी डॉक्टर दोन बोटांनी बरगडीच्या टोकाशी दाबून बघतो आणि पेशंट कळवळतो, हो, इथेच. त्याला दुखण्याच्या गोळ्या देतात आणि घरी पाठवतात.

हा कोड मला आवडायचा. दिवसभर कॅन्सर, अपघात, जगू न शकलेली बाळं असं वाचत बसल्यावर मध्येच असा चार्ट आला की बरं वाटायचं. बापडा भ्याला होता आणि काही निघालं नाही, असा तो कागद. मी त्याला नंबर द्यायची आणि उठून चहा घ्यायला जायची.

शिकताना आम्हाला एक सर होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मोठ्या अक्षरांत एक नियम लिहिला होता. बाहेरच्या रुग्णाच्या कागदावर डॉक्टरने ‘असावं’, ‘शंका आहे’, ‘बहुधा’ असं लिहिलं असेल किंवा रोगाच्या नावाआधी प्रश्नचिन्ह टाकलं असेल, तर त्या रोगाचा कोड द्यायचा नाही. पेशंट जी तक्रार घेऊन आला, तेवढीच लिहायची. छातीत दुखणे. बस. सर म्हणायचे, डॉक्टरलाच अजून माहीत नाही, तर तुम्ही कोण ठरवणारे. ही चूक मी अकरा वर्षांत ऑफिसमध्ये एकदाही केली नाही.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती सतरा. त्या वर्षी तिची बारावी होती. तिने कॉलेजात नाव घातलं नाही. कोणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं आणि करू नको असंही कोणी म्हटलं नाही. ती माझ्या वेण्या घालायची, डबा करायची, शाळेच्या मीटिंगला जायची आणि बाईंना खोटंच सांगायची की मी चोवीस वर्षांची आहे. ती मला लहानी म्हणायची. पुढे तिचं लग्न उमरेडला झालं. भाऊजी कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आणि घरात सासऱ्यांचा हातमाग. ताईला विणायचं काहीच येत नव्हतं. सासू गेली, सासरे थकले, आणि गल्लीतले माग एक एक करून बंद पडत असताना ताई माग चालवायला शिकली. तिला ते मनापासून आवडायचं. फोनवर बोलता बोलता मागे खटखट ऐकू यायची. मी म्हणायची, आधी बोलून घे ना. ती म्हणायची, “माझे कान रिकामे आहेत वं, तू बोल.”

तिला एकच मुलगी, माझी भाची. तेव्हा ती बारावीत होती. मी लग्न केलं नव्हतं, नागपूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होते, आणि त्याबद्दल ताईची कुरकुर दर फोनला ठरलेली. आमच्या सगळ्या घरात वैद्यकीय शब्द वाचता येणारी मी एकटीच. कोणाचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला यायचा. साखर किती, क्रिएटिनिन म्हणजे काय, ही गोळी जेवणाआधी का नंतर. मी सांगायची. चुकत फारसं नव्हते. भाऊजी तर पाहुण्यांसमोर म्हणायचे, आमच्या घरची डॉक्टर. मी नाही नाही म्हणायची, पण ऐकायला बरं वाटायचं, हे आज कबूल करायला हवं.

संक्रांत होऊन दोन आठवडे झाले असतील. ताईचा दुपारी फोन आला.

“लहाने, छातीत दुखून राहिलं तीन दिवसांपासून. डाव्या बाजूनं.”

“डॉक्टरकडे गेली होती का?”

“आत्ताच आली. त्यानं दाबून पाह्यलं. दाबलं का दुखते. मागावर हात मारून मारून पसलीले सूज आली म्हणते. कागदाचा फोटो पाठवून राहिली, पाह्य बरं.”

फोटो आला. डॉक्टरचं अक्षर चांगलं होतं. कॉस्टोकॉन्ड्रायटिस, म्हणजे माझा तोच ओळखीचा आजार. त्या शब्दाच्या आधी त्याने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. खाली पाच दिवसांच्या गोळ्या आणि शेवटच्या ओळीत, ईसीजी करून घ्यावा. त्याच्याकडची मशीन बिघडली होती, म्हणून नागपूरला जाल तेव्हा नक्की काढा, असं त्याने ताईला तोंडीही सांगितलं होतं. त्या माणसाने त्याचं काम बरोबर केलं होतं.

मी प्रश्नचिन्ह पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण ते ताईचं होतं, अमेरिकेतल्या कोणाचं नव्हतं, आणि मला तिची भीती घालवायची घाई होती.

“ताई, हे तर मी रोज पाहते. काही नाही हे. बरगडीच्या कूर्चेची सूज. आपोआप बरं होते.”

“खरंच ना?”

“अगं, याचा नंबर मला पाठ आहे. एम चौऱ्याण्णव पॉइंट शून्य.”

ती हसली. “माझ्या दुखण्याले नंबर बी आहे? थांब, लिहून घेते.” आणि तिने खरंच कॅलेंडरवर लिहून घेतला. नंतर फोन केला की म्हणायची, “आज आपला चौऱ्याण्णव जरा कमी आहे.”

त्याच फोनमध्ये मी तिला विचारलं होतं, चढताना, चालताना दुखतं का? मला कुठूनतरी ते आठवलं होतं. ती म्हणाली, “जिना चढताना होते कधी कधी. दम लागते. वजन किती वाढलं माझं, पाह्यलं ना तू दिवाळीले.” मी हो म्हणाले, आणि मग आम्ही तिच्या वजनावर बोलत बसलो.

फेब्रुवारीत ती नागपूरला आली. ईसीजी हे एक काम, आणि भाचीला कॉलेजसाठी दोन ड्रेस घ्यायचे हे दुसरं. मी सुट्टी टाकली होती. सकाळी गणेशपेठच्या स्टँडवर तिला घ्यायला गेले. बसमधून उतरली तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात संत्र्यांची थैली. मी म्हटलं, नागपूरला कोणी संत्री घेऊन येतं का? ती म्हणाली, “तुमची कळमन्याच्या बाजारातली गाडीभर संत्री कशी असतात मले माहीत आहे. ही झाडाची आहेत.”

आधी बर्डीच्या बाजारात गेलो. गर्दी होती. ताई चालता चालता थांबायची. आधी स्टीलच्या भांड्यांच्या दुकानासमोर थांबली. मग बांगड्यांच्या. मग पडद्यांच्या कापडाच्या दुकानासमोर बराच वेळ उभी राहिली, एक हात पिशवीवर, दुसरा कमरेवर. मी म्हटलं, घ्यायचे का पडदे? ती म्हणाली, “नाही वं, पाहून राहिली फक्त.” मला हसू आलं. उमरेडला राहून हिला दुकानांची नवलाई वाटते, असं मला वाटलं. मी तिला दर वेळी पाहू दिलं. घाई केली नाही. चांगलं वागतेय मी, असंही मनात आलं.

माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर ताई थांबली आणि शेजाऱ्यांच्या दाराबाहेरची तुळस बघत म्हणाली, बहुत छान फुटली. दुसऱ्या मजल्यावर थांबून ती कोणाच्या तरी चपलांच्या रॅककडे दोन मिनिटं बघत राहिली. घरात आल्यावर पाणी प्यायली आणि पंख्याखाली बसली. थंडीचे दिवस होते, तरी पंखा लाव म्हणाली.

जेवलो. मी मसालेभात केला होता. ती म्हणाली, मीठ बरोबर आहे, शिकली शेवटी. मग हात धुताना तिने विषय काढला.

“डॉक्टरनं ईसीजी काढाले सांगतला होता.”

“दुखणं कमी आहे ना पण?”

“गोळी घेतली का थांबते.”

“मग झालं तर. हृदयाचं दुखणं गोळीनं थांबत नाही. आणि दाबल्यावर दुखत नाही. तुझं बरगडीचंच आहे.”

“तरी जाचं का?”

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. धंतोलीत आमचं नेहमीचं ओळखीचं क्लिनिक पाचला उघडतं. तिथे गेलो की नंबर लागायला सात. तिची बस चुकली असती. खरं तर धंतोलीत दर दहा पावलांवर दवाखाना आहे, ईसीजी कुठेही दुपारीसुद्धा निघतो, दहा मिनिटांचं काम. हे मला माहीत होतं. पण जेवण झालं होतं, ती किती दिवसांनी आली होती, आणि मला तिच्याजवळ लोळायचं होतं.

“पुढच्या वेळी जाऊ,” मी म्हणाले.

ताईला सुटल्यासारखं वाटलं. “हो. तसंबी दवाखान्यात एकदा घुसलं का माणूस लवकर बाहेर नाही येत.” ती आडवी झाली. मी तिच्या पोटावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं. तिने माझ्या केसांतून बोटं फिरवली आणि पांढरे मोजले. पाच वाजता रिक्षाने तिला स्टँडवर सोडलं. जाताना रिक्षा धंतोलीतूनच गेली. दोन्ही बाजूंच्या पाट्या बघत ती म्हणाली, “किती दवाखाने वं हे. एवढे लोक बिमार असतात का?”

त्यानंतर एकोणीस दिवस.

आमच्या ऑफिसमध्ये कामाच्या जागी फोन नेता येत नाही. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून दारातच लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी मी साडेअकराला चहाला उठले आणि लॉकर उघडला. भाचीचे चौदा फोन येऊन गेले होते. पहिला दहा वाजून पाच मिनिटांचा.

मी लावला. भाची ॲम्ब्युलन्समध्ये होती. सायरनमुळे तिचं बोलणं तुटत होतं. तिने एवढंच सांगितलं की आईला घेऊन नागपूरला येतोय, धंतोलीत, आणि दवाखान्याचं नाव. मी विचारलं, आई बोलतेय का? ती म्हणाली, “आता नाही बोलून राहिली.”

मिहानमधल्या ऑफिसपासून धंतोलीपर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. त्यांच्या आधी पोचले एवढं खरं. दवाखान्याच्या दारात उभी राहिले. वॉचमनने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, माझी बहीण येतेय. जणू ती स्टँडवरून रिक्षाने येत होती. वीस मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. मागचं दार उघडलं तेव्हा भाऊजी खाली उतरले नाहीत. ते तसेच बसून होते, ताईची पावलं दोन्ही हातांत धरून.

आतल्या तरुण डॉक्टरीणबाईने तपासलं, ईसीजीची पट्टी काढली. ती आडवी सरळ रेघ मला लांबून दिसली. ताई वाटेतच, पाचगावच्या पुढे कुठेतरी, गेली होती. डॉक्टरीणबाईने मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, हृदयविकाराचा तीव्र झटका. आणि मी सांगायलाही लाज वाटावी असं काहीतरी माझ्या डोक्यात झालं. तिने वाक्य पुरं करायच्या आधी माझ्या मनात त्याचा कोड आला. आपोआप. बोटं हलली असतील तर नवल नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले.

सकाळी काय झालं ते भाचीने मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. पाहुणे बाहेरच्या खोलीत होते आणि आम्ही दोघी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. ती सरळ सांगत गेली, राग न धरता, एखादी गोष्ट क्रमाने लिहावी तसं.

“साडेआठले आईले घाम आला. खूप. म्हणे जबडा दुखते, हात दुखते. मी म्हटलं, बाबाले बोलावू का? तर म्हणे, काहून? ड्युटीवरून उगा बोलावू नको. मावशीनं सांगतलं आहे ना, हे हाडाचं आहे. गोळी दे. मी दिली. मग ती पडून राहिली. मी अभ्यास करत बसली, मावशी. तिच्या बाजूलेच. तासभर. मग पाह्यलं तर तिचे ओठ वेगळे दिसून राहिले होते.”

तिने घासलेलं पातेलं पालथं ठेवलं. “माझं काही चुकलं का?”

मी म्हणाले, तुझं काही चुकलं नाही. हे वाक्य मी तिला नंतर किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. पण त्याच्या पुढचं वाक्य, चुकलं ते माझं, हे मला त्या अंगणात म्हणता आलं नाही.

ते मी भाऊजींना म्हटलं, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणे गेले होते. भाऊजी मागाच्या खोलीत खाली बसले होते. मागावर अर्धं विणलेलं कापड तसंच होतं. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. कागदावर डॉक्टरने नक्की असं लिहिलं नव्हतं. ईसीजी काढायला सांगितला होता. ती नागपूरला त्यासाठीच आली होती. तिनेच विषय काढला होता आणि मी नको म्हटलं. जिना चढताना तिला दम लागत होता, हेही तिने मला सांगितलं होतं.

ते ऐकत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “तू डॉक्टर नव्हती. मग बोलली काहून?”

मी संध्याकाळच्या बसने नागपूरला परत आले. त्यानंतर भाऊजी माझ्याशी बोलले नाहीत. फोन भाचीच करायची, आणि मागे टीव्हीचा आवाज असायचा, म्हणजे ते घरात आहेत हे कळायचं.

ऑफिसला परत गेले. चौथ्या की पाचव्या दिवशी तो कोड आला. एकेचाळीस वर्षांची बाई, छातीच्या डाव्या बाजूला दुखणं, दाबल्यावर वाढतं. मी तो चार्ट वाचत राहिले. ईसीजी एकदा, तासाभराने पुन्हा. रक्ताची तपासणी दोनदा. एक्स-रे. वडिलांना हृदयविकार होता का, जिना चढताना त्रास होतो का, हे तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा विचारलेलं. आणि या सगळ्याच्या शेवटी, अगदी शेवटच्या ओळीत, बरगडीची कूर्चा. अकरा वर्षं मी ती शेवटची ओळ आधी वाचत होते. बाकीचं सगळं फक्त ऑडिटमध्ये चूक निघू नये म्हणून चाळायची. त्या बाईला घरी पाठवायच्या आधी तिथल्या माणसांनी तिच्यासाठी सहा तास घालवले होते. मी ताईला फोनवर अडीच मिनिटं दिली होती.

मी तो चार्ट पुरा केला नाही. माझी टीम लीड माझ्यापेक्षा लहान मुलगी आहे. तिला सांगितलं, मला हे जमत नाही. तिने कारण विचारलं नाही, तिला माहीत होतं. मला डोळ्यांच्या विभागात टाकलं. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्मे. तिथे आजही आहे.

एप्रिलमध्ये मी धंतोलीतल्या एका हृदयाच्या डॉक्टरकडे गेले. स्वतःच्या नावाने केस पेपर काढला, कारण दुसरं काय सांगणार. आत गेल्यावर म्हटलं, सर, मला काही झालेलं नाही, मला विचारायचं आहे. वयस्कर माणूस होता. बाहेर भंडाऱ्यापासून यवतमाळपर्यंतचे पेशंट बाकांवर बसले होते, तरी त्याने मला बोलू दिलं. दुकानांसमोर ताई थांबायची ते मी सहज सांगितलं, ती कशी होती हे कळावं म्हणून. त्याने हात वर करून मला थांबवलं.

“पुन्हा सांगा. चालताना थांबायच्या?”

“हो. दुकानं बघत.”

मग म्हणाला, “बरेच पेशंट असं करतात. दुखलं की थांबावं लागतं, आणि लोकांना कळू नये म्हणून काहीतरी बघत उभे राहतात.”

मी त्याला विचारलं, त्या दिवशी ईसीजी काढला असता तर ती वाचली असती का?

“सांगता येत नाही,” तो म्हणाला. “ईसीजी कधी कधी नॉर्मलही येतो. दाबल्यावर दुखणं आणि हृदयाचं दुखणं, दोन्ही एकाच माणसाला असू शकतं. पण तुम्ही हे सगळं मला सांगितलं असतं, तर मी त्यांना त्या दिवशी घरी जाऊ दिलं नसतं.”

त्याने मला खोटा धीर दिला नाही. म्हणून मी त्याची आभारी आहे. बाहेर येऊन मी बर्डीवर गेले, का ते माहीत नाही. पडद्यांच्या दुकानासमोर उभी राहिले. आतला मुलगा म्हणाला, या ना ताई, बघून तर घ्या. मी तिथून निघाले आणि रिक्षात बसेपर्यंत रडले नाही. बसल्यावर मात्र रिक्षावाल्याने दोनदा आरशात पाहिलं आणि शेवटी विचारलं, “मॅडम, गाडी थांबवू का?”

भाची बारावी पास झाली. मार्क अपेक्षेपेक्षा कमी पडले, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. जूनमध्ये तिने नागपूरच्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि माझ्याकडे राहायला आली. ते तिनेच ठरवलं होतं. भाऊजींनी तिची पेटी बसवर चढवली, पण सोबत आले नाहीत. सुरुवातीला आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून बोलायचो. ती आईचा विषय काढायची नाही आणि मी काढला की आंघोळीला निघून जायची. एकदा तिला ताप आला. तिने विचारलं, मावशी, काय असेल? मी म्हटलं, मला माहीत नाही, चल. आम्ही दीड तास बाकावर बसलो. साधा व्हायरल निघाला. येताना ती म्हणाली, “तू काहीच नाही सांगतलं.” मी म्हटलं, आता सांगत नाही. तिने माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

नातेवाईकांचे फोटो अजून येतात. मी लिहिते, डॉक्टरांना विचारा. काहींना वाटतं, हिला शिष्टपणा आला.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघी उमरेडला गेलो. दिवसभर पाहुणे होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो. मी स्वयंपाकघरात जाऊ लागले तर भाऊजींनी भाचीला सांगितलं, तिले बसू दे, मी करतो. वर्षभरात ते स्वयंपाक शिकले होते. पिठलं केलं, भाकरी केल्या, भाकरी एका बाजूने करपलेल्या. आम्ही खाली बसून जेवलो. पिठल्यात मिरची फार होती आणि तिघांच्याही नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं. कोणी पुसत नव्हतं.

भाऊजींनी माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली. मग ताटाकडे पाहतच म्हणाले, “तिकडे तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी येते ना बरोबर? उन्हाळा लागून राहिला.”

मी म्हणाले, येतं. सकाळी तासभर येतं.

“भरून ठेवत जा,” ते म्हणाले.